कोडवाल्यांना एआय गोड, चित्रवाल्यांना कडू. नेमकं कशामुळे?

टाकदौत (धागालेखक)

गेम बनवणाऱ्या कंपनीत कोड लिहिणारे आणि चित्रं काढणारे एकाच मजल्यावर बसतात. पगाराची तारीख एक, डबा खायची वेळ एक. पण एआयचा विषय निघाला की टेबलाच्या दोन बाजू होतात.

आकडेही तेच सांगतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या २०२५ च्या पाहणीत ८४ टक्के विकासक (कोड लिहिणारे) एआय वापरत होते किंवा वापरायच्या बेतात होते. त्याच वर्षीच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्सच्या पाहणीत ३० टक्के लोक म्हणाले की एआयचा या धंद्यावर वाईट परिणाम होतोय. आदल्या वर्षी असं म्हणणारे १८ टक्के होते.

माझा अंदाज असा की कोड ही वापरायची वस्तू आणि चित्र ही मिरवायची. म्हणून एकाचा अहं दुखावतो, दुसऱ्याचा नाही. चुकत असेन तर कुठे ते सांगा. 'एआय तारक की मारक' हे दळण इथे नको, त्यासाठी चारशे धागे आहेत.

खडूस_काका

रुमाल टाकून ठेवतो. शंभर प्रतिसाद नक्की.

कुंचला

अहं नाही हो, हिशोब आहे. तो आधी मांडते, मग अहंचं बघू.

स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं बनवणारं एआय मॉडेल ऑगस्ट २०२२ मध्ये आलं. ते ज्या लायन-५बी नावाच्या संचावर पोसलं गेलं त्यात ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, सगळ्या आंतरजालावरून उचललेल्या. कुणाला विचारलं नाही. इथवर मामला सगळ्यांचाच, तुमचा-आमचा सारखा.

खरी मेख त्याच्या पुढे आहे. लोरा नावाची पद्धत आहे. मूळ मॉडेल तसंच ठेवायचं आणि वर एक छोटी जोडफाइल शिकवायची. एखाद्या जिवंत चित्रकाराची १५ ते ३० चित्रं घ्यायची, चौकोनी कापायची, प्रत्येकाखाली दोन ओळींचं वर्णन लिहायचं, घरच्या गेमिंग संगणकावर काही तास चालवायचं. हातात येते शे-दीडशे एमबीची फाइल, आणि त्या फाइलला त्या माणसाची रेघ येते. त्याचं नाव लिहिलं की त्याच्यासारखं चित्र बाहेर, तेही तो ज्या गिऱ्हाइकांना विकतो त्याच गिऱ्हाइकांसाठी.

आता सांगा, 'अमुक प्रोग्रामरच्या शैलीत लॉगिनचं पान लिही' असं कुणी म्हणतं का? कोडमधल्या शैलीला बाजारभाव नाही. चित्रकाराकडे विकायला दुसरं काही नसतंच.

सेमीकोलन

कुंचलाताईंचा मुद्दा मान्य, पण 'कोडवाल्यांचं काही गेलं नाही' असं कुणी समजू नये. कोड सुचवणारा कोपायलट जून २०२१ मध्ये चाचणीसाठी आला तो गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक कोडवर शिकूनच. त्यातला बराच कोड जीपीएल किंवा एमआयटी या खुल्या परवान्यांचा. एमआयटी परवाना काही मागत नाही, फक्त 'माझं नाव आणि हा परवाना सोबत राहू द्या' एवढंच म्हणतो. मॉडेलच्या पोटात गेलं की ते नावच उडतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर अमेरिकेत खटलाही झाला. त्यातले बहुतेक दावे फेटाळले गेले.

मग बोंब का नाही झाली? मला तीन कारणं दिसतात.

एक, नोकरदाराचा कोड त्याचा नसतोच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ (ग) सरळ सांगतं की नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा मालक. जे माझं नव्हतंच ते चोरीला गेलं म्हणून मी छाती काय पिटणार? महिन्याच्या महिन्याला पैसे जमा होतात, ओळी कुणाच्याही असोत.

दोन, उसनवारी हा आमच्या धंद्याचा पायाच आहे. दुसऱ्याची लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली नाही तर उलट लोक वेड्यात काढतात.

तीन, आणि हे सगळ्यांत मोठं. आमच्याकडे खोटं पकडायला यंत्र आहे. कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत नेणारा) आहे, टेस्ट आहेत, लिंटर (चुका दाखवणारा) आहे. एआयने थाप मारली तर निदान काही थापा दहा सेकंदांत उघड्या पडतात. चित्राला कंपायलर नाही.

पुणेरी_पाटी

कोडमधली चूक लाल रेघेने कळते. चित्रातली चूक कळते तेव्हा गणपती मांडवात बसलेला असतो आणि फ्लेक्स वीस फुटी असतो.

कुंचला

@पुणेरी_पाटी :)

विनोद म्हणून सोडू नका, तपासायला घ्या. गणेशोत्सवाचा कुठलाही एआय फ्लेक्स उघडा आणि या क्रमाने बघा. आधी सुळे: एकदंताचे दोन्ही सुळे शाबूत असतात. मग हात: चार असले तर नशीब, कोपरं मोजा, एका खांद्यातून दोन निघालेले सापडतात. मग हातातल्या वस्तू: परशूचं पातं आणि अंकुशाचा आकडा एकमेकांत वितळलेले, पाश म्हणजे नुसता सोनेरी वेटोळा. मोदकाला कळ्या नसतात, तो बुंदीचा लाडू असतो.

नऊवारीचं तर विचारूच नका. काष्टा म्हणजे निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेल्या. मॉडेलने पाहिलेल्या साड्यांत सहावारी इतक्या जास्त की पुढे निऱ्या दिसतात, मागे धोतरासारखं काहीतरी, आणि पदर भलत्याच प्रांताचा. नथ डाव्या नाकपुडीत हवी. प्रशिक्षणात चित्रं आरशासारखी उलटवून वापरायची रीत आहे, त्यामुळे डावं-उजवं हा मॉडेलचा तसाही कच्चा विषय. नथ कधी इकडे, कधी तिकडे, कधी ओठाला.

हे एकेक करून दुरुस्त करायला बसलं की जो वेळ जातो त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. कारण 'चित्र तर तयारच होतं, तुम्ही फक्त जरा हात फिरवला'.

सेमीकोलन

'फक्त जरा हात फिरवा' हे वाक्य आमच्याकडेही येतं. एआयने रात्रीत बनवलेलं ॲप घेऊन येतात आणि म्हणतात नव्वद टक्के झालंय. उरलेल्या दहात लॉगिन, पैसे आणि बॅकअप असतो.

वेलांटी

अनुवादक म्हणून एका जागी थांबते, 'हात फिरवा' या शब्दांपाशी. आमच्याकडे त्याला भारदस्त नाव आहे: पोस्ट-एडिटिंग. यंत्राने अनुवाद करायचा, माणसाने निस्तरायचा.

हिशोब करू. समजा ताज्या अनुवादाला शब्दामागे २ रुपये आहेत आणि दिवसाला २००० शब्द होतात. झाले ४००० रुपये. निस्तरण्याचा दर समजा ८० पैसे. तेवढेच पैसे मिळवायला दिवसाला ५००० शब्द निस्तरले पाहिजेत. आठ तासांत म्हणजे मिनिटाला दहा शब्द. मूळ वाचायचं, यंत्राचं वाचायचं, जुळवायचं, बदलायचं आणि चहा प्यायचा नाही. यंत्राच्या हातचं वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक असेल तर जमतं. कथा असेल तर पहिल्या पानालाच कळतं की कोऱ्या कागदावर लवकर झालं असतं.

कारण चुका शब्दांच्या नसतात, नात्यांच्या असतात. इंग्रजी 'वुई' आलं की मराठीत ठरवावं लागतं, 'आपण' की 'आम्ही'. समोरचा त्यात आहे की नाही? नवरा बायकोला म्हणतो, 'आम्ही उद्या निघतोय.' संपला संसार. 'अंकल' आला की काका, मामा, मावशीचे यजमान की शेजारचे, हे तीस पानांनंतर कळतं, आणि यंत्र तोवर थांबत नाही. तू, तुम्ही, आपण तर एकाच संवादात बदलतात. बाई पहिल्या वाक्यात सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणते आणि तिसऱ्यात 'तू'.

यातली एकही चूक व्याकरणाची नाही. वाक्य शुद्ध असतं. म्हणून मराठी न वाचणाऱ्या संपादकाला ते 'उत्तम' वाटतं. सेमीकोलन, तुमच्या 'चित्राला कंपायलर नाही' मध्ये भाषाही धरा.

सेमीकोलन

@वेलांटी, धरली. शिवाय पाया आधीच वाकडा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'क्षत्रिय' दिसायला तीन अक्षरं, आतून आठ चिन्हं, २४ बाइट. मॉडेल मजकुराचे तुकडे पाडून शिकतं. इंग्रजी शब्दाचा एखादाच तुकडा पडतो, मराठी शब्दाच्या चिंधड्या. तेवढ्याच पानाला पैसेही जास्त लागतात. नव्या मॉडेलांत हे सुधारलंय, पण बरोबरी नाही.

अक्षरजुळणी

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर चित्रातल्या अक्षरांबद्दल. (अवांतर आहे, पण फ्लेक्सवाल्यांचे हाल बघवत नाहीत.)

चित्र बनवणारं मॉडेल अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखं दिसणारं काहीतरी रंगवतं. रोमन लिपीत अलीकडे त्याला जमू लागलं. देवनागरीत जोडाक्षर, रफार, वेलांटी आणि शिरोरेघ एकमेकांना चिकटलेली. एखादी रेघ हलली की शब्दाचा मुडदा. पुन्हा त्याने पाहिलेली देवनागरी बहुतांश हिंदी वळणाची, त्यामुळे मराठी ल आणि श क्वचितच येतात.

करायचं असं: मॉडेलला अक्षरं मागायचीच नाहीत. 'वरचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेव' म्हणायचं आणि मजकूर वेगळ्या थरावर युनिकोड फाँटमध्ये बसवायचा. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा, नाहीतर वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि सगळे प्रोग्रामला शिव्या देतात. बसवून झालं की ऱ्य तपासायचा. र्य आणि ऱ्य वेगळे. 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा' यांत एक पाकीट चुकीच्या माणसाकडे जातं.

छपाईचंही सांगून टाकतो. बरीच मॉडेलं देतात १०२४ बाय १०२४ पिक्सेल. ३०० डीपीआयला ते जेमतेम पावणेनऊ सेंटीमीटर. ए-फोर पानाला २४८० बाय ३५०८ लागतात, शिवाय चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायला जादा कड). यंत्राने मोठं केलं तर ते नसलेले तपशील कल्पनेने भरतं, केसांच्या जागी गवत उगवतं. रंग आरजीबीतले, म्हणजे पडद्यावरचे, ते झगझगीत निळे-जांभळे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईत, मातकट होतात. आणि थर नसतात, त्यामुळे 'मागचं झाड जरा डावीकडे घ्या' याला उत्तर नाही.

टाकदौत

वा, हे माहीत नव्हतं. 'मिरवायची वस्तू' हे माझं म्हणणं डळमळायला लागलंय. म्हणजे तपासता येतं त्याला एआय गोड, तपासता येत नाही त्याला कडू. बरोबर?

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

नाही. एवढं सोपं करू नका. कोडवाल्यांना गोड लागतंय हेच मुळात अर्धसत्य आहे.

तुम्ही दिलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोच्या पाहणीतच पुढे वाचा: एआयच्या अचूकतेवर विश्वास नसलेले ४६ टक्के, असलेले ३३. वापरतात आणि विश्वास ठेवत नाहीत. जेंटू या खुल्या संगणकप्रणालीने एप्रिल २०२४ मध्ये आणि तशाच नेटबीएसडीने त्याच्या पुढच्या महिन्यात एआयने लिहिलेला कोड घ्यायचा नाही असं ठरवलं. हे काही हौशी कुंचलेवाले नव्हेत. (कुंचलाताई, तुम्हाला नाही.)

मीटर या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी विकासक, स्वतःच्या ओळखीचे मोठे खुले प्रकल्प, २४६ कामं. कुठल्या कामात एआय वापरायचं हे चिठ्ठी टाकून. त्यांचा आधीचा अंदाज: २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावरची भावना: २० टक्के वाचला. घड्याळ म्हणालं: १९ टक्के जास्त लागला. माणसं थोडी आणि साधनं २०२५ च्या सुरुवातीची, हे धरूनही, 'वाटणं' आणि 'असणं' यातलं अंतर बघा.

आणि कंपायलर सगळ्या थापा पकडत नाही. मॉडेल अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (आयत्या कोडच्या गाठोड्याचं) नाव देतं. एका अभ्यासात पायथन आणि जावास्क्रिप्टचे ५ लाख ७६ हजार नमुने तपासले. व्यावसायिक मॉडेलांनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी सरासरी ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेलांच्या २१.७ टक्के काल्पनिक. तीच काल्पनिक नावं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून भामटे त्या नावाचं खरं पॅकेज बनवून आत विष भरून ठेवतात. तुम्ही इन्स्टॉल म्हणता, ते इन्स्टॉल होतं. लाल रेघ नाही, काही नाही.

म्हणून शिस्त अशी. नवं पॅकेज आलं की आधी त्याचं पान उघडून पहिली आवृत्ती कधीची, मूळ कोड कुठे, किती लोक वापरतात ते बघायचं. लॉकफाइलमधला (कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती, या नोंदीतला) बदल वेगळा वाचायचा. टेस्ट आधी माणसाने लिहायच्या. त्याच एआयला कोड आणि टेस्ट दोन्ही लिहू दिलं तर पेपर काढणारा आणि सोडवणारा एकच. एका वेळी दोनशे ओळींहून मोठा बदल घ्यायचा नाही, कारण त्यापुढे वाचणारा वाचत नाही, नुसता खाली सरकवतो. कोपायलटमध्ये सार्वजनिक कोडशी जुळणाऱ्या सूचना अडवायची सोय आहे, ती चालू ठेवायची. ती आजूबाजूचा कोड धरून सुमारे १५० अक्षरांची जुळणी बघते, तेव्हा नावं बदललेली नक्कल सुटते हेही लक्षात ठेवा.

सिलिकॉन_शेजारी

मर्ज यांना अनुमोदन. आणि 'विकासक' म्हणजे एक जात नाही. पंधरा वर्षं मुरलेल्याला एआय म्हणजे हाताखालचा पोऱ्या. नुकत्याच पास झालेल्याला तो पोऱ्या म्हणजे आपलीच खुर्ची. चित्रकारांतही हेच असणार. नावाजलेल्याला गिऱ्हाईक राहील, पण दिवाळी अंकातल्या चौकटी आणि पाठ्यपुस्तकातली बेडकं काढून जो हात तयार व्हायचा, त्याची बेडकं गेली.

काडीबहाद्दर

कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार असेच रडले होते. रडून झालं की वापरतील.

खडूस_काका

आली कॅमेऱ्याची जिलबी. मी विचारच करत होतो अजून कशी पडली नाही.

कुंचला

@काडीबहाद्दर, कॅमेऱ्यापेक्षा जवळचं उदाहरण देते. राजा रवि वर्मा यांनी १८९४ साली मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. एकेका रंगाचा वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. यंत्राने केलेली घाऊक नक्कलच ती. पण चित्र त्यांचं, छापखाना त्यांचा, विकायचा निर्णय त्यांचा. यंत्राला चित्रकारांचा विरोध कधीच नव्हता. फोटोशॉप वापरतातच की सगळे. कॅमेऱ्याने कुणाची चित्रं गिळून चित्रं ओकली नाहीत.

काडीबहाद्दर

पण मग ॲडोबीचं फायरफ्लाय, चित्रं बनवणारं एआय? ते तर परवान्याच्या चित्रांवर शिकलंय म्हणतात. ते चालेल?

कुंचला

निदान वाद घालता येईल असा पाया आहे. पण ज्यांनी ॲडोबी स्टॉक या चित्रांच्या बाजारात चित्रं ठेवली त्यांनी ती विकायला ठेवली होती, शिकवायला नाही. जुन्या कराराच्या शब्दांत ते बसवलं गेलं. उलट प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं की आम्ही जनरेटिव्ह एआय घालणारच नाही. यात तत्त्व किती आणि गिऱ्हाईक ओळखणं किती, हे ज्याने त्याने ठरवावं.

शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ (मॉडेलला शैली उचलता येऊ नये म्हणून चित्रात बारीक बदल करणारं साधन) वापरणाऱ्यांसाठी: अपलोड करायच्या आधी, अंतिम आकारात, अगदी शेवटी चालवा. त्यानंतर काहीही बदललं तर पुन्हा चालवा. सपाट रंगांच्या चित्रांत त्याची जाळी डोळ्यांना दिसते, तेव्हा तीव्रता कमी ठेवा. आणि ते कुलूप आहे, भिंत नव्हे. किल्ल्या बनवणारेही कामाला लागलेत.

आवाजदार

चित्र, कोड, भाषा झालं. आवाजाचं कुणी बोललंच नाही.

आमच्याकडे तपासायचा प्रश्न वेगळाच. नक्कल चांगली झाली तर धोका, वाईट झाली तर हसं. मराठीत च, ज, झ दोन-दोन तऱ्हांनी उच्चारतात. 'चहा'तला च वेगळा, 'चाक'मधला वेगळा, लिहायचे मात्र सारखे. 'चमचा' एक, 'चमच्याने' दुसरा. जग म्हणजे दुनिया वेगळा, 'जग आणि जगू दे' मधला वेगळा. हिंदीवर वाढलेलं यंत्र सगळं एकाच सुरीने कापतं. त्यामुळे मराठी जाहिरातीत आज जे काम टिकून आहे ते या दंततालव्य पुण्याईवर.

हक्काचं: अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करून देणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली. उलट बाजूला त्याच वर्षी ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. तंत्र तेच. अरिजितकडे वकील आहेत. शब्दामागे पैसे घेणाऱ्या डबिंग कलाकाराने करारावर 'सर्व माध्यमांत, सर्वकाळ' अशा ओळीखाली सही केलेली असते. प्रश्न तिथे आहे.

कलम_कसाई

त्या ओळीबद्दल. 'सर्वकाळ' वाचून हातपाय गाळू नका.

आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये एक परंतुक आलं. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी रीत अस्तित्वातच नव्हती किंवा व्यवहारात नव्हती, तिला तो करार लागू होत नाही, तिचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. २०१५ च्या करारात 'मॉडेल शिकवणे' लिहिलेलं नसणार. ही 'वापराची रीत' ठरते का, यावर भांडता येईल, पण भांडायला जागा आहे. कलम १९ मध्ये आणखी दोन: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हस्तांतर लेखीच हवं.

चित्रकारांसाठी इशारा: पैसे देऊन करवून घेतलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा छायाचित्र असेल तर कलम १७ (ख) नुसार, उलट करार नसल्यास, पहिला मालक करवून घेणारा. म्हणजे तोंडी कामात तुम्ही आधीच मागे.

धागालेखकांसाठी गंमत: कलम २ (ण) प्रमाणे संगणक प्रोग्राम हे 'साहित्यकृती'त मोडतं. कायद्याच्या लेखी सेमीकोलन हे साहित्यिक आहेत.

सेमीकोलन

संमेलनाध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवावं.

कलम_कसाई

वेलांटीताईंच्या निस्तरण्याच्या दराबद्दल बोलायचं राहिलं होतं. हॉलिवूडच्या लेखकांनी २ मे ते २७ सप्टेंबर २०२३, असा १४८ दिवस संप केला. एआयवर सरसकट बंदी त्यांनी मागितली नाही. मिळवलं ते असं: एआयचा मजकूर 'लेखन' म्हणून मोजायचा नाही, म्हणजे त्यावरून लेखकाचा दर किंवा श्रेय कापता येणार नाही, दिलेल्या मजकुरात एआयचं काही असेल तर कंपनीने सांगायचं, आणि लेखकावर एआय वापरायची सक्ती नाही. वेलांटीताईंच्या ८० पैशांना पहिलं कलम बरोबर लागू पडतं. फरक एवढाच की तिकडे संघटना आहे. इकडे अनुवादक एकमेकांना दर सांगत नाहीत.

पुस्तकवाल्यांना थोडं मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने लेखकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण ३००० डॉलर. पण नीट बघा, दुखतं तिथे ते मिळालं नाही. न्यायाधीशांनी पुस्तकांवर मॉडेल शिकवणं 'योग्य वापर', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा, ठरवलं होतं. अडचण चोरीच्या प्रती साठवल्याची होती. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेचा ओपनएआयविरुद्धचा दावा नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाला. डिसेंबर २०२५ मध्ये डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योग विभागाच्या समितीने सक्तीचा सरसकट परवाना आणि त्याबदल्यात रॉयल्टी असं सुचवलं. म्हणजे पैसे मिळतील, 'नाही' म्हणता येणार नाही.

वेलांटी

'पैसे मिळतील, नाही म्हणता येणार नाही' हे मला टोचतं. सेमीकोलनना टोचेल का?

सेमीकोलन

खरं सांगू? नाही. आणि बहुधा धाग्याचं उत्तर तिथे आहे. मुक्त स्रोतवाल्याने 'घ्या' हे आधीच म्हणून ठेवलेलं असतं, फक्त नाव राहू द्या म्हणतो. नोकरदाराने तर तो हक्क पहिल्या दिवशी रुजू होतानाच सोडलेला. तुमच्याकडे 'नाही' म्हणता येणं हेच भांडवल.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट

आणि साधन कुणाच्या हातात, तेही. एआय मी वापरतो. चित्रकाराच्या बाबतीत एआय त्याचं गिऱ्हाईक वापरतं. उद्या गिऱ्हाईकच कोड काढायला लागलं की बघा आमचे सूर कसे बदलतात. सेमीकोलन यांच्या 'नव्वद टक्के झालंय'वाल्यांपासून सुरुवात झालीच आहे.

टाकदौत

'अहं' मागे घेतो. पण एक शंका उरतेच. डिसेंबर २०२५ मध्ये इंडी गेम ॲवॉर्ड्सने एका फ्रेंच गेमचे पुरस्कार काढून घेतले, कारण तात्पुरते म्हणून घातलेले काही एआय पोत (वस्तूंवर चढवायची चित्रं) सुरुवातीच्या आवृत्तीत राहून गेले होते. त्या गेमचा कोड कुणी लिहिला हे कुणी विचारलं नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानाच्या जानेवारी २०२४ च्या नियमात चित्र, आवाज आणि कोड तिन्ही जाहीर करायला सांगितलं होतं, तरी खेळणारे भांडतात ते चित्रावरूनच. म्हणजे मिरवणं नाही म्हणता, पण दिसणं तर आहे?

कुंचला

दिसणं आहे. ते मान्य. कोड दिसत नाही म्हणून त्याची चोरीही दिसत नाही. यात कोडवाल्यांनी खूश व्हावं असं मला काही वाटत नाही.

पुणेरी_पाटी

कलम_कसाई, चित्रकार आणि डबिंगवाल्यांसाठी करारात घालायची दोन ओळींची भर मराठीत द्या की. व्याख्यान झालं, प्रसाद वाटा.

कलम_कसाई

घ्या:

'या कृतीचा वापर फक्त वर नमूद केलेल्या कामासाठी करता येईल. कोणत्याही यांत्रिक किंवा जनरेटिव्ह प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी, शैली अथवा आवाजाची नक्कल करण्यासाठी ही कृती किंवा तिचा भाग वापरण्याची परवानगी यात समाविष्ट नाही. त्यासाठी स्वतंत्र लेखी करार आणि स्वतंत्र मोबदला आवश्यक राहील.'

मुदत आणि प्रदेश वेगळ्या ओळीत आकड्यांत लिहा. मूळ फाइल, म्हणजे थरांसकटची, देणार की नाही तेही लिहा. मोठ्या रकमेचं काम असेल तर वकिलाला दाखवा.

काडीबहाद्दर

एआयकडून हाच मसुदा करून घेतला. शेवटी त्याने जोडलंय, 'स्वतंत्र मोबदला आपण देऊ.'

वेलांटी

कोण, कंपनी आणि चित्रकार मिळून?